बाई, पाठाचं टाचण काढायला लावलंत त्याबद्दल

आदरणीय बाई,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

थायलंड आणि नेपाळमध्ये इंग्रजी शिकवायला जाणाऱ्या आमच्या स्वयंसेवकांना तुम्ही तयार केलंत. त्याचे आभार उपासनेनंतर दोन शब्दांत उरकण्यासारखे नाहीत, म्हणून हे जाहीर पत्र. १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात मिशनचं काम घेऊन आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथंच जन्मला आणि पुढं तरुणांना परदेशी मिशनकार्याला पाठवणाऱ्या अमेरिकेतल्या विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीच्या उभारणीत होता. हा वारसा सांगताना आपल्याकडं सगळ्यांचीच छाती फुगते. तुमचं म्हणणं मात्र साधं होतं: प्रार्थना कराच, पण पाठाचं टाचणही काढा.

कागदपत्रांचं आधी सांगतो, कारण गाडी तिथंच अडते. आपल्या दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रांवर आडनाव आधी असतं आणि वडिलांचं नाव शेवटी. पासपोर्टवर क्रम वेगळा, कधी वडिलांचं नावच नाही. तिकडच्या कार्यालयाला ही दोन माणसं वाटतात. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र फाइलमध्ये आधीच लावायचं, ही तुमची सूचना. पदवीचं मूळ प्रमाणपत्र हातात हवं, प्रोव्हिजनलवर (तात्पुरत्या प्रमाणपत्रावर) भागत नाही. पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल तर पोलीस क्लिअरन्स रेंगाळतं. आणि पगार नसला तरी थायलंडमध्ये वर्ग घेणं हे कामच धरलं जातं, टूरिस्ट व्हिसावर ते चालत नाही. 'कोण विचारतंय' म्हणणाऱ्यांना तुम्ही तिथल्या तिथं गप्प केलंत, ते बरं झालं.

खरी मेहनत घेतलीत ती उच्चारांवर. थाई मुलांना शब्दाचा शेवट जड जातो, कारण त्यांच्या भाषेत शेवटी मोजकेच ध्वनी येतात. 'राइस', 'राइट', 'राइड' तिन्ही 'राइ' होतात, 'हॉटेल'चं 'होटेन', 'बस'चं 'बट'. आपला माणूस ते सुधारायला जातो आणि शेवटाला जोर देताना 'बस्सऽ' असा जादा स्वर चिकटवतो. मुलं तोच उचलतात. त्यावर तुमचा उपाय वाक्य मागून बांधण्याचा: आधी 'सम राइस', मग 'बाय सम राइस', मग 'टु बाय सम राइस', शेवटी 'आय वुड लाइक टु बाय सम राइस'. शेवटचा शब्द सगळ्यात जास्त वेळा तोंडातून जातो आणि वाक्याची चालही बिघडत नाही. आधी तीनदा नुसतं ऐकवायचं, मग सगळा वर्ग, मग अर्धा-अर्धा, मग एकेक जण. एकेकट्याला आधी उभं केलं की लाजरं मूल पुढं तोंडच उघडत नाही.

आपल्या स्वतःच्या खोडी तुम्ही कागदाच्या पट्टीनं पकडल्यात. तोंडासमोर पट्टी धरून 'पेन' म्हणायचं, पट्टी हलली पाहिजे. मराठी 'प'मध्ये ती हलत नाही, आणि थाई कानाला हे दोन 'प' वेगळी अक्षरंच वाटतात. 'व्हेस्ट' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, 'वेस्ट' म्हणताना ओठ गोल. हा फरक आपल्यालाही जमत नाही आणि थाई मुलांनाही, त्यामुळं आरसा दोघांनाही लागतो.

तासाला नवे शब्द आठच, हा तुमचा दंडक सुरुवातीला कंजूसपणा वाटायचा. 'समजलं का?' विचारायला तर बंदीच, कारण उत्तर एका सुरात 'हो' येतं. 'बॉरो' (उसनं घेणं) शिकवलं की विचारायचं: वस्तू आता माझी झाली का? परत द्यायची की नाही? मुलाला कळलंय की नाही ते तिथंच उघडं पडतं. फळ्याचे तीन भाग, नवे शब्द डावीकडं, ते तास संपेपर्यंत पुसायचे नाहीत. किंग जेम्स बायबल या जुन्या इंग्रजी भाषांतरातला उतारा वाचनपाठ म्हणून देणंही तुम्ही बंद केलंत. 'दाऊ' आणि 'दी' हे 'तू', 'तुला'साठीचे जुने शब्द शिकून कुणी भाजी आणू शकत नाही.

एका गोष्टीवर मंडळीत (आपल्या चर्चमध्ये) कुरबूर झाली, तरी तुम्ही हटला नाहीत. इंग्रजीचा वर्ग म्हणून बोलावलं तर तिथं इंग्रजीच शिकवायचं. नेपाळच्या संविधानातल्या कलम २६ प्रमाणं दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे, परदेशी माणसाला वर हद्दपारी. झळ स्थानिक मंडळीलाही बसते. पण कायदा नसता तरी तुम्ही हेच सांगितलं असतं: आमिष दाखवून आणलेला विद्यार्थी शिक्षकावर विश्वास ठेवत नाही. कुणी श्रद्धेबद्दल आपणहून विचारलं तर खरं उत्तर द्यावं, तेही वर्गाबाहेर. थायलंडच्या शाळेत सकाळी बौद्ध प्रार्थना चालू असताना शांत उभं राहावं. मुलांच्या डोक्याला हात लावू नये. आपल्याकडची लाडाची टपली तिथं अपमान ठरते, आणि कोल्हापुरी हाताला ही सवय मोडणं 'व्हेस्ट'पेक्षा अवघड!

तुमच्या टाचणवहीची झेरॉक्स प्रत्येकाच्या सामानात असते. वहीवर नाव नको म्हणालात, म्हणून इथंही घातलेलं नाही. थायलंडमधलं शालेय वर्ष मेच्या मध्याला सुरू होतं, तेव्हा पुढच्या तुकडीचे उच्चारांचे तास जानेवारीतच घ्यावेत, ही विनंती. खडू, आरसे आणि पट्ट्या आम्ही आणतो.

आपले,
परदेशी अध्यापनासाठी जाणारे स्वयंसेवक आणि त्यांना पाठवणारे आम्ही सगळे
कोल्हापूर