वस्ताद, तुमच्या क्लिनरचा रामराम घ्या

वस्ताद, तोंडावर बोलायला आलो की तुम्ही पाना घेऊन गाडीखाली घुसता आणि खालूनच "हाव हाव, समजलं" म्हणता. मागच्या तीन चकरांत हेच झालं, म्हणून आता इथं सगळ्यांसमोर लिहून राहिलो. इथून पळायला जागा नाही तुम्हाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी दारव्ह्याकडचा. दहा वर्षं झाली, जिनिंगच्या दारात कापसाच्या मेटाडोरवरून खाली आलो, मणक्यात डी-१२ ला, म्हणजे कमरेच्या वरच्या मणक्याला मार बसला, कमरेखाली ना हालचाल ना जाणीव, तेव्हापासून व्हीलचेअर. जैसलमेरकडची रेती पाहायची, तीही हॉटेलच्या गच्चीवरून नाही तर तंबू ठोकून, हे खूळ डोक्यात बसलं होतं. एका टूरवाल्याला फोन केला तर म्हणे उचलायला दोन माणसं सोबत आणा, आणि तरी जमेल असं वाटत नाही, त्यापेक्षा मोबाईलवर पाहा, आजकाल सगळं दिसते. आई म्हणे, कायले मरायले जातं तिकडं. आणि तुम्ही पंक्चरची ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता, मान वर न करता एवढंच विचारलं, "संडासचं कसं करतं तू?"

दहा वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी सगळ्यात आधी विचारला. लोकं जिद्द, हिंमत वगैरे बोलतात, पण सारी ट्रीप तर तिथंच अडते ना बाप्पा.

मग तुम्ही प्लास्टिकची खुर्ची आणली, मधोमध भोक पाडलं, कडेला जुनी सायकलची ट्यूब गुंडाळली. गाडीत चढायला सागाची फळी रंधून दिली, कारण तुमची ती बोलेरो कॅम्पर फोर बाय फोर, सीट माझ्या छातीएवढी उंच. फळी चेअरवरून सीटवर टेकवायची आणि हातांच्या जोरावर वर सरकायचं. मी म्हटलं, वस्ताद, एक कुसळ राहिली तर मला समजणार पण नाही, जखम होऊन चिघळल्यावर समजेल. तुम्ही काही बोलले नाही. आत गेले, मूठभर कापूस आणला आणि फळीवरून फिरवला. एका कोपऱ्यात दोन तंतू अडकले. पुन्हा पॉलिश पेपर मारला, पुन्हा कापूस फिरवला, असं चार वेळा. गिऱ्हाईक बाहेर बोंबलून राहिलं होतं.

अकोला, खंडवा, इंदूर, उदयपूर, जोधपूर. रस्त्याचं काही सांगत नाही, रस्ता सगळीकडं सारखाच. फक्त एक सांगतो. मला दर चार तासांनी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी लावावी लागते, आणि तुम्ही मोबाईलात अलार्म लावून ठेवला होता, तो वाजला की गाडी बाजूला घेऊन मोठ्यानं म्हणायचे, "चला, मले चहा प्यायचा आहे." उदयपूरच्या अलीकडं तर हॉटेलच नव्हतं, सगळं रान. तिथं पण तुम्ही चहा प्यायलाच उतरले.

आणि रेती. आपण खुरीच्या बाजूला एका म्हातारेबुवांच्या ढाणीजवळ, म्हणजे रानातल्या वस्तीजवळ, त्यांना विचारून उतरलो, कारण डेझर्ट नॅशनल पार्क ३१६२ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्याच्या हद्दीत मनाला येईल तिथं गाडी घालता येत नाही, घालू पण नये. तिथं माळढोक आहे, ते लोकं गोडावण म्हणतात. आपल्या वरोऱ्याकडं पण होते ना हे पक्षी, हे मी म्हातारेबुवांना सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना.

तुम्ही आयुष्यभर काळ्या मातीतून ट्रॅक्टर ओढून काढले, त्यामुळं रेती म्हणजे काय मोठं असं तुम्हाला वाटत होतं, हे आता कबूल करा. पहिल्याच टेकाडावर मध्येच ब्रेक मारला, चाकांसमोर रेतीचा ढीग साचला, मग रेस दिली आणि गाडी ॲक्सलपर्यंत खाली. काळी माती चिकटते, रेती पायाखालून निघून जाते. तुम्ही उतरले, बिडी पेटवली, दोन मिनिटं चाकाकडं पाहिलं. मला वाटलं आता म्हणतील तू बसून राहा, मी पाहतो. सगळे तेच म्हणतात, आणि मग मी सामानासारखा बसून राहतो. तुम्ही हवेचं मीटर माझ्या मांडीवर टाकलं आणि म्हणाले, "क्लिनर, उतर. हवा काढ."

चेअरची समोरची लहान चाकं रेतीत लगेच रुततात, म्हणून दोन प्लाय आणले होते. एकावर चेअर, दुसरा पुढं टाकायचा, त्यावर सरकायचं, मागचा उचलून परत पुढं. असं करत करत मी गाडीभोवती पूर्ण गोल फिरलो. खिळ्यानं व्हॉल्व्हची पिन दाबायची, फुसफुस हवा जाते, थांबून मीटर लावायचं, परत दाबायची. ३५ वरून १८ वर आणली चारही चाकं. टायर खाली पसरला की रेतीवर त्याचा लांब पट्टा टेकतो, वजन वाटलं जाते, मग तो खोल जात नाही. तिसऱ्या चाकाला मी १५ करून टाकली तर तुम्ही फावडं टाकून माझ्यावर असे खेकसले की काय सांगू. दहा वर्षांत माझ्यावर कोणी खेकसलं नव्हतं वस्ताद, घरी पण नाही. मग बारदाना चाकांखाली घातला, फोर व्हील लोमध्ये टाकून आपल्याच चाकोरीनं मागं घेतली, निघाली. संध्याकाळी डांबरीवर जायच्या आधी कॉम्प्रेसरनं हवा परत मीच भरली, कमी हवेत डांबरीवर पळवलं की टायर तापतो.

रात्री तुम्ही गोवऱ्यांत रोडगे लावले आणि म्हातारेबुवा म्हणाले, ये तो बाटी है. तुम्ही म्हणाले नाही, रोडगा आहे. अर्धा तास दोघं भांडले, एकाला मराठी येत नाही आणि दुसऱ्याची हिंदी मला पण कळत नाही. थंडी अशी की दात वाजून राहिले होते आणि मी शेकोटीकडं सरकत होतो. तुम्ही उठले, टाचेनं रेतीत एक रेघ ओढली, म्हणाले, "याच्या पुढं चाक नाही. पाय भाजला तर तुले कोठी समजते?" आणि परत भांडायला बसले.

आता ती चादरीची गोष्ट, तुम्ही कोणाला सांगू नको म्हणाले होते पण मी सांगतो. सकाळी चार काठ्यांना चादर बांधून खुर्ची ठेवली, वारा आला आणि एका बाजूची चादर सुटली, आणि नेमका तेव्हाच शंभरेक बकऱ्यांचा कळप आणि त्यामागं दोन पोट्टे. तुम्ही पळत आले, चादर दोन्ही हातांनी धरून माझ्याकडं पाठ करून उभे राहिले. मला वेळ लागते, कमीत कमी पाऊण तास. तेवढा सगळा वेळ तुम्ही तसेच उभे, हात वर करून, आणि त्या पोट्ट्यांशी गिअरबॉक्सबद्दल बोलून राहिले होते. एकदा पण मागं नाही पाहिलं, एकदा पण नाही विचारलं झालं का म्हणून.

डिझेलचे माझ्या वाट्याचे पैसे तुम्ही अजून घेतले नाही. आईजवळ देऊन ठेवले आहेत, आणि तिच्याशी तुम्ही वाद घालू शकत नाही हे मला माहीत आहे. एक प्लाय तुमच्या गॅरेजात राहिला, येताना घेऊन या, आमच्या अंगणात पावसाळ्यात चिखल होते आणि एकट्या प्लायनं काही जमत नाही. रविवारी या. रोडगे आई करणार आहे, तुमच्यापेक्षा चांगले.