जुन्या गाडीचा डॅशबोर्ड पण बघा की

संपादक साहेब, नमस्कार.

जुन्या गाड्यांच्या रॅलीचे फोटो तुमच्या पेपरात येतात, मस्त असतात, पण एक गोष्ट बरेच दिवस खटकतेय म्हणून लिहायला घेतलं. सगळे फोटो बाहेरून. बॉनेट, क्रोमचा बंपर, चकाचक पेंट, बास. आत डोकावून बघा, कितीतरी गाड्यांत मूळ स्टिअरिंग गायब आणि त्याजागी ॲक्सेसरीच्या दुकानातलं ते लाकडासारखं दिसणारं छोटं स्टिअरिंग, डॅशबोर्डवर सागवानी स्टिकर, आणि मालक छाती काढून सांगतो की फुल रिस्टोअर केलीये. अहो कसलं डोंबलाचं रिस्टोअर!

मी मुख्यतः प्रीमियर पद्मिनी या गाडीबद्दल बोलतोय, कारण घरात तीच आहे. 1964 ला कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून फियाट 1100 डिलाइट म्हणून निघाली, 1974 पासून पद्मिनी. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची काळीपिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली तेव्हा सगळ्यांनी हळहळून स्टेटस ठेवले, ठीके, पण ज्या प्रायव्हेट गाड्या अजून धडधाकट आहेत त्यांचं पोट आपणच फाडतोय त्याचं काय?

बरं छोटं स्टिअरिंग नुसतं वाईट दिसतं एवढंच नाही. या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, मूळ चाक मोठं आणि बारीक काठाचं आहे ते उगाच नाही, मोठ्या चाकाने हाताला जोर मिळतो. छोटं बसवलं की पार्किंगमध्ये खांदे भरून येतात आणि मग मालक म्हणतो जुन्या गाड्या जडच असतात! गिअरचा दांडा पण स्टिअरिंगलाच, त्यामुळे हाताचा सगळा हिशोब त्या मूळ चाकावर बसलेला असतो.

आणि बदलायची गरज काय? गॅरेजवाला चिरा बघतो आणि म्हणतो 'नवीन टाका साहेब'. पण चिरा पडतात त्या वरच्या कडक प्लॅस्टिकला, आत लोखंडी सळई असते. उन्हाने आणि वयाने प्लॅस्टिक आकसतं, सळई काही आकसत नाही, मग ते फाटतं, बहुतेक वेळा आडवी दांडी काठाला मिळते तिथेच. सळईच वाकली असेल किंवा दांडी हलत असेल तर चाक बादच करा, तिथे भावनेचा प्रश्न नाही. नुसती चीर असेल तर ती भरता येते.

फक्त चीर वरून लिंपून चालत नाही, उलट आधी ती मोठी करावी लागते. तिकोनी कानशीने व्ही आकारात सळई दिसेपर्यंत उघडायची, आतला गंज खरवडायचा, वर्षानुवर्षांच्या घामाचा आणि तेलाचा चिकट थर थिनरने पुसून काढायचा आणि मग एपॉक्सी भरायची. साधं अ‍ॅराल्डाइट ओघळतं म्हणून थोडं थोडं भरायचं, पूर्ण एक दिवस वाळू द्यायचं, थोडं उंचच ठेवायचं आणि मग पॉलिश पेपरने बोटाला सांधा लागणार नाही इतकं घासायचं, जाड पेपरपासून वॉटर पेपरपर्यंत. डोळे मिटून काठावरून बोट फिरवायचं, डोळ्याला न दिसलेला उंचवटा बोटाला बरोबर कळतो. मग प्रायमर, मग रंग. चाक काढताना आधी चाकावर आणि शाफ्टवर खूण करा आणि पुलर (चाक ओढून काढायचं हत्यार) वापरा, हातोडा मारू नका प्लीज, खालचं बेअरिंग जातं.

डॅशबोर्डचं दुखणं वेगळं. पत्र्याचा भाग सोपा, तो डेंटर-पेंटरचा विषय, फक्त रंग जुळवताना मीटरच्या चौकटीमागचा झाकलेला पत्रा न्या, तिथे उन्हाने न उडालेला मूळ रंग सापडतो. वरचं व्हिनाइल मात्र उन्हात कोरडं पडत जातं, त्यातलं मऊपण उडून काचेला आतून तेलकट धूर बसतो तो तोच. त्यावर लांबी (पुट्टी) भरली तर महिन्याभरात परत तडा, तिथे लवचिक फिलरच पाहिजे नाहीतर चांगल्या कुशनवाल्याकडून रेक्झिन चढवून घ्या. आणि ते चमकणारं सिलिकॉनचं पॉलिश चोपडणं बंद करा हो, पुढे कधी रंग मारायला गेलात की रंग धरतच नाही, नुसते खड्डे पडतात.

2021 च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे 50 वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल तर तिला व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला 20,000 रुपये फी. त्यात चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको असं आहे, डॅशबोर्डचं वेगळं नाव नाही, त्यामुळे लोकांना वाटतं आतलं काय कोण बघतंय. सुरुवातीच्या पद्मिनींची आता पन्नाशी झाली, म्हणजे हे नंबर घेणारे वाढणार. म्हणून विनंती अशी की रॅलीवाल्यांनी मार्क देताना दार उघडून आत बसावं, आणि तुम्ही एखादी रविवारची पुरवणी या कामाच्या जुन्या कारागिरांवर काढा. कुर्ल्याच्या भंगारात मूळ पार्ट ओळखणारे म्हातारे अजून बसलेत, नव्या पोरांना ते शिकवतील, कोणी विचारायला गेलं तर!

आणि ज्यांना हे वाचून हुरूप येईल त्यांनी रंगाचं काम दिवाळीनंतरच काढा. पावसाळी हवेत ड्युको (गाडीचा स्प्रेचा रंग) मारला की पांढरट धुरकट येतो आणि सगळं परत घासत बसावं लागतं.

आपला,
एक पद्मिनीवाला, ठाणे