विन्या, रोममध्ये तुझ्या खात्यातला माणूस भेटला

रोम

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

लेकीकडे येऊन इथली सगळी नावाजलेली ठिकाणं बघून झाली, पण तुला लिहायचंय ते पाण्याबद्दल. पाणीपुरवठा खात्यात तू उभी हयात काढलीस, त्यामुळे हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

इथे पोर्ता माज्जोरे नावाची जुनी वेस आहे. रस्त्यावरून पाणी पलीकडे न्यायला क्लॉडियस सम्राटाने इ.स. 52 मध्ये उभारलेली ही दगडी कमान. बाजूला जाऊन वर पाहिलं की माथ्यावर पाण्याचे दोन पाट एकावर एक दिसतात, अगदी कापून दाखवल्यासारखे. खालच्यातून अ‍ॅक्वा क्लॉडिया ही जलवाहिनी वाहायची, वरच्यातून अ‍ॅनिओ नोव्हस ही दुसरी. दर्शनी बाजूला तीन लेख कोरलेत. पहिला क्लॉडियसचा. दुसरा नंतरच्या व्हेस्पाशियन सम्राटाचा, इ.स. 71 चा: क्लॉडिया नऊ वर्षं बंद पडून ढासळली होती, ती आपण स्वखर्चाने दुरुस्त केली. म्हणजे बांधून जेमतेम दहा वर्षं होतात तोच पाणी बंद! आणि त्यानंतर दहा वर्षांनी तिसऱ्या लेखात टायटस सम्राट पुन्हा दुरुस्तीचंच सांगतो. मला या वेशीतलं सगळ्यात मोलाचं काय वाटलं तर हे, की बांधणाऱ्याच्या खाली दुरुस्ती करणाऱ्यांचीही नावं त्याच मोठ्या अक्षरांत आहेत.

कमानी बघायला सगळे जातात. खरं पाणी मात्र जमिनीखालून यायचं. मार्किया नावाची वाहिनी इ.स.पू. 144 ची, लांबी सुमारे 91 किलोमीटर. त्यातले जवळजवळ 80 जमिनीखाली, पंप नाही, दाब नाही, नुसत्या उतारावर.

आणि आता तुझा माणूस. सेक्स्टस ज्युलियस फ्रॉन्टिनस. ब्रिटनचा कारभार पाहिलेला, सेनापती राहिलेला. इ.स. 97 मध्ये नर्व्हा सम्राटाने त्याला रोमच्या पाण्याचा प्रमुख नेमलं. त्याने काय करावं? स्वतः सगळं शिकून घेतलं आणि लिहून ठेवलं. हाताखालचे सांगतील तसा कारभार हाकणं यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही, असं तो सुरुवातीलाच म्हणतो. नऊ वाहिन्या, प्रत्येकीचा उगम, लांबी, कुठे किती पाणी वाटलं जातं, सगळे आकडे. शिवाय वाहिन्यांचे नकाशे काढून घेतले, का तर दरी कुठे, नदी कुठे, कुठला भाग सतत डागडुजी मागतो ते बसल्या जागी डोळ्यांसमोर यावं.

त्याची चोऱ्यांची प्रकरणं वाचताना तुझी पदोपदी आठवण झाली. नळजोड मंजूर झाला की माणसाला शिक्का मारलेली काशाची तोटी मिळायची, आपल्याकडे मुख्य वाहिनीवर नळजोडासाठी बसवतात त्या फेरुलसारखी. ती किमान बारा अंगुळं लांब हवी आणि तिच्या पुढे पन्नास फुटांपर्यंत नळीही त्याच मापाची हवी, असा नियम. का? तोटीला लागूनच मोठी नळी जोडली की पाणी जास्त ओढलं जातं, म्हणून. तरी लोक तेच करत. काही तोट्यांवर शिक्काच नसे. काही मुद्दाम खालच्या पातळीवर बसवलेल्या. जोड माणसाच्या नावावर असायचा, जागेच्या नाही. मालक बदलला की नव्यासाठी नवं भोक पाडायचं, आणि पाणीवाले जुनं भोक तसंच ठेवून तिथलं पाणी विकायचे. शहरभर फरसबंदीखालून चोरनळ्या गेलेल्या. त्या उखडल्या तेव्हा निघालेल्या शिशाच्या ढिगावरूनच किती पाणी मुरत होतं ते कळतं, असं तो लिहितो.

विन्या, मला त्याचं कौतुक आणखी एका गोष्टीसाठी वाटतं. मार्कियाचं पाणी थंडगार, रोमकरांचं लाडकं. उगमाशी ते तळ्यासारखं गर्द हिरवं दिसतं असं तो सांगतो. हेच पाणी स्नानगृहांत, कपडे धुणाऱ्यांकडे आणि सांगायलाही नको अशा कामांना जात होतं. मग वाहिन्या वेगवेगळ्या केल्या: मार्किया फक्त पिण्यासाठी, बाकीच्या आपापल्या गुणाप्रमाणे, आणि अ‍ॅनिओ व्हेटस या वाहिनीचं पाणी गढूळ, ते बागांना. रस्त्यावरच्या बहुतेक हौदांना दोन वेगवेगळ्या वाहिन्यांच्या दोन धारा दिल्या, म्हणजे एक बंद पडली तरी गोरगरिबाची घागर रिकामी राहू नये. एवढ्या मोठ्या साम्राज्यात हा विचार एका अधिकाऱ्याच्या टेबलावर होता, याने मला फार बरं वाटलं.

झऱ्यांवर या लोकांची श्रद्धाही होती. पहिली वाहिनी आली इ.स.पू. 312 मध्ये. तोवर 441 वर्षं शहर टायबर नदी, विहिरी आणि झऱ्यांवर जगलं, आणि त्या झऱ्यांना आपल्या काळातही मान आहे, असं फ्रॉन्टिनसच नोंदवतो. 13 ऑक्टोबरला झऱ्यांत फुलांच्या माळा सोडत आणि विहिरी सजवत. व्हर्गो वाहिनीचं नाव पडलं ते एका मुलीमुळे. पाण्याच्या शोधात असलेल्या सैनिकांना तिने झरे दाखवले. त्रेव्ही कारंज्यावर तिचं शिल्प आहे, आणि त्या कारंज्याचं नातं आजही त्याच पाण्याशी आहे. तिथे नाणी टाकायला तोबा गर्दी असते. मी बराच वेळ त्या मुलीकडेच बघत होतो.

आता तुला एक विचारायचंय. सरकारी दप्तरात मार्कियाचं पाणी त्यांच्या मापाने 2162 लिहिलेलं. फ्रॉन्टिनसने उगमाशी मोजलं तर 4690. फरक चोरांचा, असं त्याचं म्हणणं. पण तो मोजतो नुसता प्रवाहाचा छेद, म्हणजे रुंदी आणि खोली. वेगाने येणारं पाणी जास्त भरतं हे त्याला ठाऊक आहे, वेग मोजायचं साधन मात्र हाताशी नाही. मग त्या फरकातली चोरी किती आणि वेगाची किमया किती? तू त्याच्या जागी असतास तर कुठून सुरुवात केली असतीस? सविस्तर लिही, आकृती काढून पाठवलीस तर उत्तम.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या