सोनूच्या हाताबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

सोनूच्या हाताचं ऑपरेशन पुढच्या मंगळवारी ठरलंय. फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि मला पुढचं बोलताच आलं नसतं, म्हणून लिहितोय.

बाबा, पहिलं आईला वाचून दाखवा: सोनूच्या हाडांवर आलेल्या गाठी कॅन्सरच्या नाहीत.

तुम्ही म्हणाल, "काही व्हत नही, मी याच हातानं शेती केली." केलीत. पण सखाराम महाराजांच्या यात्रेत तीर्थ घेताना तळवा वर वळत नाही म्हणून तुम्ही अख्खा खांदा झुकवता, हे मी लहानपणापासून बघतोय. परवा सोनूला फुटाणे दिले, तर त्यानंही तसाच खांदा झुकवला. त्या रात्री झोप लागली नाही.

कोपर ते मनगट दोन हाडं असतात. त्यातलं करंगळीकडचं जास्त वाढतं ते मनगटापाशी, गाठ नेमकी तिथंच. ते आखूड राहिलं, अंगठ्याकडचं वाढत वाढत वाकलं आणि आता कोपरातून सरकायला लागलंय. पूर्ण निसटलं तर जागेवर आणणं फार अवघड. तीन डॉक्टरांना दाखवलं, मगच होकार दिला. पैशांची सोय झालीये, कपाशीचे पाठवू नका.

गाठ काढून आखूड हाड कापतील, बाहेरून पिंजरा बसवतील. आठवड्यानंतर मी दिवसातून ४ वेळा पिंजऱ्याची किल्ली फिरवायची, दर वेळी कापलेली टोकं पाव मिलिमीटर दूर सरकतात. फटीत नवं हाड भरत जातं. अडीच सेंटीमीटरला २५ दिवस; पिंजरा मात्र हाड पक्कं होईपर्यंत, काही महिने. वाढत्या वयात पुन्हा आखूड पडू शकतं, तेही सांगून ठेवतो.

बाबा, हे रक्तातून आलंय, तुमच्या चुकीनं नाही. माझ्या गुडघ्यांवरच्या गाठींवरून मी तुम्हाला कधी बोललो का?

आई, तो डाव्या हातानं चमच्यानं खिचडी खायला शिकलाय. मला तापात तू कळण्याची भाकरी दुधात कुस्करून भरवायचीस, तशी मी त्याला भरवीन.

लगेच निघू नका. दवाखान्यात एकालाच थांबू देतात. तो घरी आला की तिकिटं मी काढतो, दिवसाच्या गाडीनं या. हाडवैद्याचा लेप आणू नका, पिंजऱ्याच्या तारांपाशी तेलाचं बोटही लावायचं नाही. बाबा, बीपीची गोळी चुकवू नका. बिबडे मात्र आणा, ते त्याला एका हातानं खाता येतात.

तुमचा,
बापू