संघाच्या मंडळाला हिशोब विचारायचा तरी कुठं?

मा. संपादक महाशय,

शिक्षक संघाच्या निवडणुकीचं वारं परत सुटलंय. ग्रुपवर रोज सकाळी हात जोडलेले फोटो, "आपला हक्काचा माणूस" म्हणून बॅनर, मधेच कुणाचा तरी वाढदिवस, आणि त्यात बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसनं मागितलेली अर्जंट माहिती कुठं हरवते तेच कळत नाही. मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात सरकारी मराठी शाळेवर शिकवते. हे पत्र निवडणूक व्हायच्या आधी छापलं तर बरं, नंतर छापून काय उपयोग नाही. संघाचं नाव मुद्दाम घेत नाहीये, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

बाहेरच्या लोकांना वाटतं मास्तरांच्या संघाची निवडणूक म्हणजे हौसेचं काम, हार-तुरे घ्यायचे आणि ५ सप्टेंबरला स्टेजवर बसायचं. तसं नाहीये. हायस्कूल, कॉलेजच्या शिक्षकांना विधान परिषदेला मत आहे, बेळगाव, विजापूर, बागलकोट मिळून वायव्य शिक्षक मतदारसंघ, आमदार त्यांच्या स्टाफरूममध्ये येऊन चहा पिऊन जातात. आम्ही प्राथमिकवाले त्यात नाही. घटनेच्या १७१ कलमातच लिहिलंय की माध्यमिकच्या खालच्या शाळेतल्या शिक्षकाला हे मत नाही. म्हणजे शिक्षक म्हणून आम्हाला आयुष्यात जे काय एक मत आहे ते ह्या संघाच्या मंडळाला. आणि १ एप्रिल २००६ नंतर लागलेल्यांची बंद झालेली जुनी पेन्शन असो, नाहीतर २०१७ च्या सी अँड आर (भरतीच्या) नियमानं पहिली ते सातवीला नेमलेल्या जुन्या शिक्षकांना पहिली ते पाचवीत बसवलं तो प्रश्न असो, सरकारसमोर बसून बोलतात ते हेच लोक. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधला विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की निवेदन घेऊन फोटोत उभे असतात तेही हेच. निवेदनात काय लिहिलं होतं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून कळतं!

आता सर्वसाधारण सभा कशी होते ते सांगते. नोटीस आदल्या रात्री ग्रुपवर पडते. दिवस शनिवार, कारण शनिवारी शाळा सकाळची. ठिकाण तालुक्याच्या गावी, वेळ बाराची. आता कणकुंबी, जांबोटीकडची शाळा सुटून बाई स्टॉपवर येणार कधी आणि खानापुरात पोचणार कधी? सरकारच्या शक्ती योजनेत आम्हा बायकांना तिकीट लागत नाही हे खरं, पण बस तर यायला पाहिजे की ओ. पोचेपर्यंत सत्कार झालेले असतात, जेवणाच्या पंगती उठलेल्या असतात आणि "सर्व विषय एकमताने मंजूर".

आणि ज्या पोचत नाहीत त्यांच्यासाठी सभेच्या ठरावांची वही येते. पुढच्या क्लस्टर मीटिंगला (आसपासच्या शाळांच्या बैठकीला) एक लांबट बांधीव वही टेबलावरनं फिरते, वरचं अर्धं पान कोरं, खाली अनुक्रम नंबर आणि सहीची जागा. गेल्या खेपेला माझ्या शेजारी बसलेल्या नव्या टीचरनी विचारलं, वर काय लिहिणार आहात? वही फिरवणारे सर हसले, म्हणाले अहो लिहितो की सावकाश, तुम्ही सही करा आधी, पुढं पाठवायची आहे. तिनं पेन खाली ठेवलं, तर मीटिंगभर सगळे तिच्याकडे असं बघूलाले की जणू तिनंच काही चोरलंय. मी पण सही केली नाही, पण माझी नोकरी आता थोडकी राहिलीय, माझं सोपं आहे, तिच्यासमोर अजून पंचवीस-तीस वर्षं आहेत. हिशोबाचा कागद ना त्या वहीबरोबर आला ना आधी ना नंतर. पगारातनं वर्गणी मात्र बरोब्बर कापली जाते, शिवाय शिक्षक दिनाला वेगळी पट्टी, कुणी रिटायर झालं की वेगळी, गुरुभवनाच्या (शिक्षकांच्या इमारतीच्या) डागडुजीला वेगळी, त्यातल्या कशाची पावती मिळाली असेल तर ती लॅमिनेट करून ठेवावी.

हे बोललं की लगेच दोन्हीकडनं भाषेचा विषय काढतात. नोटीस नि ठराव नुसते कन्नडमध्ये येतात हे खरंय, आणि ज्या तालुक्यात एवढ्या मराठी शाळा आहेत तिथं सोबत मराठीत एक पान टाकायला काही जात नाही. सरकारला तरी तसं बंधन आहे, जिथं पंधरा टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्याक आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या असं फार पूर्वीच ठरलंय. संघ म्हणजे सरकार नाही, त्याला ते लागू नाही, ठीक आहे. पण खरं सांगू का, कन्नड आम्हाला वाचता येतं, खात्याची सगळी सर्क्युलरं आम्ही कन्नडमधनंच वाचतो. आकडे असतील तर कुठल्याही भाषेत द्या, आम्ही वाचू. मंडळावर आमचे मराठी पदाधिकारी पण आहेत, दोन-तीन टर्म झाल्या तेच आहेत. त्यांना हिशोब विचारला तर म्हणतात, "ताई, आपल्यात फूट दिसायला नको, आधीच आपण कमी आहोत." कन्नड पदाधिकाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो हे मराठीवाले उगाच सीमावाद संघात आणतात. दोघांची उत्तरं वेगळी, काम एकच. त्यामुळं "आपला माणूस निवडून द्या" ह्या बॅनरवर माझा काडीचा विश्वास राहिला नाही.

कायदा बघितला तर तो काही वाईट नाही. कर्नाटकात अशा संघाला १९६० चा सोसायटी नोंदणी कायदा लागतो (महाराष्ट्रात १८६० चा, त्यामुळं कोल्हापूरचे पाव्हणे जे सल्ले देतात ते इथं जसेच्या तसे चालत नाहीत). दरवर्षी सर्वसाधारण सभा घ्यायची, कार्यकारिणीची यादी नि ताळेबंद निबंधकांकडे द्यायचा, आणि एक तृतीयांश सभासदांनी अर्ज केला तर निबंधकांना चौकशी लावावीच लागते. ऐकायला किती छान. पण संघ रजिस्टर आहे राज्याचा, तालुका ही नुसती शाखा. मग एक तृतीयांश म्हणजे बिदरपासून चामराजनगरपर्यंतचे एक तृतीयांश, तेवढ्या सह्या गोळा करायला मला नोकरी सोडून फिरायला पाहिजे. निबंधकांकडे दिलेला कागद माहिती हक्कात मागता येतो, पण त्यात राज्याचा आकडा असणार, आमच्या तालुक्यात गोळा झालेल्या पट्टीचं काय झालं ते त्यात कुठनं दिसणार? ते दिसायची एकच जागा, तालुक्याची सभा, आणि तीच वहीत उरकली जाते.

निवडणुकीचं पण तेच. बहुतेक वेळा बिनविरोध. पेपरवाले पण "बिनविरोध निवड, सर्वत्र अभिनंदन" अशी बातमी लावतात, तुम्ही पण लावलीय, राग मानू नका. बिनविरोध होते म्हणजे काय होतं, तर फॉर्म भरलेल्या बाईला रात्री फोन येतो, पहिला फोन गोड असतो, दुसऱ्या फोनवर तिच्या मिस्टरांशी बोलतात, तिसऱ्यात बदलीचा विषय निघतो. मग ती सकाळी जाऊन फॉर्म मागं घेते. आमच्या भागात प्राथमिक शाळांवर बघाल तिथं बायका, आणि मंडळाच्या फोटोत बघा, एका टोकाला उभ्या, हातात पुष्पगुच्छाचं ताट! ओओडी (बाहेरच्या कामाची ड्युटी) घेऊन बेंगळूरला अधिवेशनाला जाणारे पुरुष, त्या दिवशी त्यांचा वर्ग सांभाळणाऱ्या आम्ही. आणि अतिथी शिक्षक, म्हणजे मानधनावरचे तात्पुरते, ज्यांच्या जिवावर आज कितीतरी मराठी शाळा उघड्या आहेत, ते तर सभासदच नाहीत, त्यांचा विषय मंडळाच्या अजेंड्यावर कधी आलेला मी तरी ऐकला नाही.

उभे राहिलेल्या सगळ्यांना माझं एवढंच विचारणं आहे, मग ते मराठी असोत, कन्नड असोत की उर्दू शाळेचे. गेल्या टर्मचा तालुक्याचा जमाखर्च मतदानाच्या आधी ग्रुपवर टाकणार का? हात जोडलेला फोटो जिथं टाकता तिथंच टाका, एक पान पुरे. सभा रविवारी ठेवणार का, आठ दिवस आधी सांगून? कोऱ्या पानावर सह्या घेणं बंद करणार का? ह्याला जो लेखी हो म्हणेल त्याला मी मत देईन, आणि आमच्या क्लस्टरमधल्या बाकीच्या टीचरांना पण सांगेन. कुणीच म्हटलं नाही तर त्या नव्या टीचरनी फॉर्म आणून ठेवलाय, सूचक म्हणून मी सही करणार आहे. तिला फोन करायचे असतील त्यांनी आधी मला करावेत.

एक प्राथमिक शिक्षिका, खानापूर तालुका
(नोकरीत असल्यामुळं नाव छापू नये ही विनंती)