आयटीआयमध्ये सुतारकाम शिकणाऱ्या मुलास

चिरंजीवास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

हे सर्व फोनवर बोलता आले असते. पण फोनवर तू ‘हो आई’ म्हणतोस आणि विषय तिथेच संपतो, म्हणून सविस्तर लिहीत आहे. तुझ्या निरोपात दोन गोष्टी होत्या. वर्कशॉपमध्ये अजून करवत, रंधा आणि पटाशी यांच्यापुढे गाडी सरकत नाही, बाहेर मात्र सगळीकडे यंत्रे आली आहेत, ही तुझी पहिली तक्रार. दुसरा प्रश्न असा की वर्ष संपल्यावर मामांच्या मॉड्युलर किचनच्या कारखान्यात जावे, की बांधकामाच्या साइटवर शिकाऊ उमेदवारी करावी. माझे मत साइटच्या बाजूने आहे. ते का, हे मी माझ्या कामातून सांगू शकते, कारण लेबर कॉन्ट्रॅक्टरकडे मोजमापाची वही सांभाळताना मी सुतारांचे काम रोज पाहते आणि त्याचे बिलही मीच काढते.

आधी रंध्याविषयी. लाकडाचा तुकडा तयार करताना निदेशक तुम्हाला प्रथम एक रुंद बाजू सपाट करून तिच्यावर खूण करायला लावतात, मग तिला लागून असलेली कड गुण्या लावून काटकोनात आणायला सांगतात, आणि त्यानंतरच रुंदी व जाडी खतावणीने, म्हणजे कडेला समांतर रेघ ओढणाऱ्या हत्याराने, आखू देतात. गुण्या आणि लाकूड यांच्यामधून उजेड दिसला की तुकडा परत येतो आणि तू वैतागतोस. परंतु ज्या बाजूवर खूण केली, तिच्यापासूनच शेवटपर्यंत सर्व मापे घ्यायची, ही सवय हातात बसवण्यासाठी तो खटाटोप असतो. साइटवर इमारतीची मध्यरेषा दोरीने पक्की केली जाते आणि प्रत्येक कॉलमचे अंतर त्या रेषेपासून मोजतात. शेजारच्या कॉलमपासून पुढच्याचे आणि त्याच्यापासून त्यापुढच्याचे असे मोजत गेले, तर दोन-दोन मिलिमीटरची चूक साठत जाते आणि शेवटच्या बीमची पेटी, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, काही केल्या बसत नाही. जी मुले हाताने लाकूड चौरस करायला शिकलेली नसतात, त्यांना हे कितीही वेळा सांगितले तरी समजत नाही, असा माझा अनुभव आहे. यंत्र चालवायला माणूस थोड्या दिवसांत शिकतो.

आता माझ्या वहीतला एक हिशेब पाहा. सेंट्रिंगचे, म्हणजे या साच्यांच्या कामाचे, मोजमाप काँक्रीटला जेवढा पृष्ठभाग टेकतो, तेवढ्याचे चौरस मीटरमध्ये होते. 230 बाय 450 मिलिमीटरचा, 3 मीटर उंचीचा कॉलम घेतला, तर त्याचा घेर 1.36 मीटर आणि शटरिंग (सेंट्रिंगलाच असेही म्हणतात) 4.08 चौरस मीटर भरते. पैसे त्या 4.08 चे मिळतात, पेटी सरळ असो वा फुगलेली. मात्र फुगलेल्या कॉलमची किंमत कुणाला तरी मोजावीच लागते. एका बाजूला पोट आले, की ते लपवण्यासाठी सगळ्या भिंतीचा गिलावा जाड करावा लागतो, आणि सुतारकामातली चूक गिलाव्याच्या बिलात दिसू लागते. काँक्रीटच्या कामाच्या आयएस 456 या भारतीय मानकानुसार कॉलम-बीमचे माप ठरल्यापेक्षा जास्तीत जास्त 12 मिलिमीटरने वाढलेले आणि 6 मिलिमीटरने कमी झालेले चालते, त्यापलीकडे नाही. पोट येते ते बहुधा तळाशी, कारण ओले काँक्रीट पेटीच्या बाजूंवर पाण्यासारखाच दाब देते, पण ते पाण्याच्या जवळजवळ अडीचपट जड असते आणि दाब खाली वाढत जातो. म्हणून जाणता सुतार पेटी आवळून धरणारे शिकंजे तळाकडे जवळजवळ लावतो, वर गेल्यावर अंतर वाढवतो, आणि ओळंबा एकाच बाजूने न सोडता लगतच्या दोन्ही बाजूंनी सोडतो.

स्लॅबची जबाबदारी याहून मोठी आहे. 125 मिलिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला 300 किलोच्या वर जाते. म्हणजे तीन बाय चार मीटरच्या लहान खोलीवरही पावणेचार टनांच्या आसपास भार येतो, आणि त्यात वर फिरणारी माणसे व व्हायब्रेटर धरलेले नाहीत. काँक्रीट घट्ट होईपर्यंत हे सारे ओझे तुझ्या टेकूंवर उभे असते. टेकू थेट भरावाच्या मातीवर ठेवला आणि रात्री पाऊस झाला, तर तो खचतो. म्हणून त्याच्याखाली रुंद फळी हवी, ठोकलेली पाचर सरकू नये म्हणून तिला खिळा हवा, आणि दोन प्लायमधल्या फटी बंद हव्यात, नाहीतर सिमेंटचे पाणी गळून खाली नुसती खडी उरते. टेकू काढण्याची घाई हा तर साइटवरचा कायमचा वाद आहे. साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी आणि हवा फार थंड नसताना, मानकाप्रमाणे कॉलमच्या बाजू 16 ते 24 तासांनी उघडता येतात, परंतु साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू 7 दिवस, त्याहून लांब स्लॅबचे 14 दिवस, आणि सहा मीटरपेक्षा लांब बीमचे 21 दिवस ठेवावे लागतात. ‘दुसऱ्या मजल्याला प्लाय कमी पडतोय, हे काढून घ्या’ असे कुणी सांगितले, तर इंजिनिअरच्या लेखी परवानगीशिवाय हात लावायचा नाही, एवढे तुझ्या मनात आताच पक्के असावे.

अॅल्युमिनियमच्या साच्यांमुळे सुतार संपला, असे तुझ्या वर्गातल्या मुलांचे म्हणणे आहे. एकसारख्या मजल्यांच्या उंच इमारतींत ते बऱ्याच अंशी खरे आहे. नंबर घातलेले साचे पिन आणि पाचरीने जोडतात आणि सुतारापेक्षा फिटर जास्त लागतो. पण आपल्याकडचे बंगले, शाळा, दवाखाने, लहान पूल यांचे काम अजून प्लाय आणि लाकडावरच चालते, आणि जिना तर सुतारच आखतो. जिन्याची आखणी ज्याला येते, त्याला कॉन्ट्रॅक्टर सोडत नाही. तुला एक उदाहरण देते, ड्रॉइंगच्या वहीत करून पाहा. मजल्याची उंची 3 मीटर आणि पायरीची उंची 150 मिलिमीटर धरली, तर 20 उंच्या होतात. दोन सारखे टप्पे केले तर प्रत्येकात 10 उंच्या आणि 9 पाय ठेवायच्या जागा. इथपर्यंत सगळ्यांना येते. पुढे फरशी येते. खालच्या खोलीत मसाल्यासह फरशी 50 मिलिमीटर आणि पायरीवर दगड 30 मिलिमीटर बसणार असेल, तर पहिली पायरी तयार झाल्यावर 20 मिलिमीटरने बुटकी पडते. तेव्हा कच्च्या कामात, म्हणजे फरशी-दगड बसण्याआधी, ती 170 चीच ठेवावी लागते. वरच्या मजल्यावरही फरशी 50 चीच असेल, तर तिथली शेवटची उंची कच्च्या कामात 130 ठेवायची. हे आधी विचारले नाही, तर घरातला प्रत्येक माणूस आयुष्यभर त्याच पायरीवर अडखळतो.

मामांच्या कारखान्याला मी नावे ठेवत नाही. तिथे सावली आहे, पगार वेळेवर आहे आणि कामाची सफाई शिकण्यासारखी आहे. परंतु पॅनल कापणाऱ्या यंत्रावर किंवा कडेला पट्टी चिकटवण्यावर जो बसतो, तो वर्षानुवर्षे तेवढेच करतो. साइटवरून कारखान्यात केव्हाही जाता येईल. तिशीनंतर कारखान्यातून उठून स्लॅबवर चढणारा मात्र मी अजून पाहिलेला नाही.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नकोस. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळेल. त्यानंतर 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली नोंद झालेल्या आस्थापनेतच उमेदवारी कर, म्हणजे विद्यावेतन मिळते आणि पुढचे प्रमाणपत्रही पदरात पडते. ‘राहा आमच्याकडे, शिकवतो’ असे तोंडी सांगणाऱ्याकडे जाऊ नकोस. पुढे स्वतंत्रपणे काम करू लागलास आणि वर्षात 90 दिवस भरले, की राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. 2024 मध्ये इस्रायलसाठी बांधकाम कामगार निवडले गेले, तेव्हा लोखंडकाम, गिलावा आणि फरशी यांच्याबरोबर शटरिंगच्या सुतारांनाही मागणी होती, हे तू मला पाठवलेस. युद्धाच्या जागी तू जावेस असे तुझ्या बाबांना आणि मला वाटत नाही. पण हाताला परदेशात मागणी आहे, एवढे त्यातून घे.

गावात एका काकूंनी विचारले, ‘तुमच्या घरात सुतारकी कधीपासून?’ मी सांगितले, या वर्षीपासून.

साइटवर नेहमीच्या जखमा कशाने होतात, तर उघडलेल्या फळ्यांतून वर आलेल्या खिळ्यांनी. फळी सुटली की खिळा तेव्हाच काढायचा किंवा ठोकून वाकवायचा, आणि चप्पल घालून फिरायचे नाही. गोल करवतीवरचे झाकण कुणी काढून ठेवलेले दिसले, तर ते बसवल्याशिवाय बटण दाबू नकोस. लाकडाच्या भुशाने कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे, म्हणून पॉलिश पेपर घासताना मास्क लाव. गरम होते ही सबब मी ऐकणार नाही.

जिन्याचे ड्रॉइंग पूर्ण झाले, की त्याचा फोटो पाठव. मापे मी आमच्या इंजिनिअर साहेबांना दाखवीन. उमेदवारीसाठी कोणकोणत्या बांधकाम आस्थापना नोंदलेल्या आहेत, त्याची यादी निदेशकांकडून याच आठवड्यात मागून घे, म्हणजे दिवाळीला आलास की मामांशी काय बोलायचे ते आपल्याला ठरवता येईल.

तुझी,
आई