बॅकअप डॉक्टर की नुसता मोबाइल नंबर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला घरच्या बाळंतपणाचा लेख वाचला. टबातलं कोमट पाणी, मंद दिवे, कंबर चोळून देणारा नवरा, सगळं छान. फोटोही छान आलेत. पण मधल्या रकान्यात त्या जोडप्याने सहज सांगून टाकलंय, की बॅकअप डॉक्टर, म्हणजे अडलं तर हाताशी असणारा, ठेवायचा का यावर बराच विचार केला, पण त्याने मनात भीती शिरते म्हणून नको ठरवलं. हे तुमच्याकडे कोणालाच खटकलं नाही? लिहिणाऱ्याला नाही, तपासणाऱ्याला नाही, मथळा देणाऱ्यालाही नाही?

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यात आरोग्य सेविका म्हणून माझी सगळी नोकरी झाली. कंदिलाच्या उजेडात, कुडाच्या घरात बाळंतपणं केली आहेत. त्यामुळे घरी बाळंत होणं म्हणजे महापाप, असं मला म्हणायचं नाही. सुईणींच्या हाताची करामत मी जवळून पाहिली आहे. आडवं आलेलं मूल त्या नुसत्या पोटावर हात ठेवून ओळखायच्या. पण ओळखलं की लगेच ‘गाडी बोलवा’ म्हणायच्या, हेही पाहिलंय. भीती शिरेल म्हणून गप्प बसणारी सुईण काही मला भेटली नाही.

आता बॅकअप ठेवला म्हणजे सगळं झालं, असंही कोणी समजू नये. माझ्या पुतणीने ठेवला होता. पहिलटकरीण, दोघंही शिकलेली, चांगल्या नोकऱ्यांतली. फ्रिजवर रंगीत पेनांनी लिहिलेला ‘बर्थ प्लॅन’ चिकटवलेला. कोणतं संगीत, कोणता सुगंध, खोलीत कोण असेल, कोण नसेल, सगळं त्यात. तळाला डॉक्टरबाईंचं नाव आणि नंबर. त्या बाईंना ही कधी भेटलेलीच नव्हती! डौलाने (बाळंतपणात धीर द्यायला, सोबत करायला येणारी बाई, डॉक्टर किंवा नर्स नव्हे) आपल्या यादीतून नंबर दिला, हिने तो उतरवून घेतला, झाली तयारी. हिचा रक्तगट ए निगेटिव्ह. तो त्या रंगीत कागदावर कुठेच नव्हता.

पहाटे बाळ झालं. रडलं, गुलाबी झालं, व्हॉट्सॲपवर फोटो आला. वार (प्लॅसेंटा) मात्र पडेना. तासाभराने जावयाचा मला फोन, ‘काकू, अंगावरून जास्त जातंय असं वाटतंय.’ मी विचारलं, पोट हाताला टणक लागतंय की मऊ? म्हणाला, मऊ. नाळ ओढू नका, तिला लघवी करायला लावा, बाळ छातीशी द्या, आणि आधी त्या डॉक्टरला फोन करा, म्हटलं. डौला म्हणत होती, थांबू या, शरीराला कळतं सगळं. शरीराला काय कळतं? भरल्या दिवसांत गर्भाच्या पिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त जात असतं. पिशवी आवळली नाही तर ते कुठे जाणार?

डॉक्टरबाईंचा फोन उचलला रिसेप्शनवरच्या मुलाने. मॅडम दहाला येतात. नाव नोंदवलंय का? नाही? मग मोठ्या हॉस्पिटलला न्या. त्या बाईंना तरी काय दोष द्यायचा, आपण कोणाच्या तरी फ्रिजवर आहोत हे त्यांच्या गावीही नव्हतं.

घर चौथ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावेना. शेवटी जेवणाच्या टेबलाची खुर्ची काढली, तिच्यावर चादरीने बांधून पोरीला खाली आणली. लिफ्टच्या लादीवर रक्ताचं थारोळं, शेजारच्यांनी नंतर फिनेल टाकून धुतलं. मोठ्या हॉस्पिटलात पुन्हा तेच, फाइल कुठाय, सोनोग्राफी कुठाय, अनामत भरा. (तातडीच्या रुग्णाला आधी उपचार द्यायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितलंय. काउंटरवर कोणाला सांगता!) भूल देऊन वार हाताने काढावी लागली. निगेटिव्ह रक्तासाठी जावई एका रक्तपेढीतून दुसरीत धावत होता. पोर वाचली. बाळ पॉझिटिव्ह निघालं, तेव्हा पुढच्या बाळाला धोका होऊ नये म्हणून ७२ तासांच्या आत द्यायचं अँटी-डी इंजेक्शनही कोणाच्या डोक्यात नव्हतं, ते मी आठवण करून दिलं.

म्हणून म्हणते, बॅकअपचं लिहायचं तर नीट लिहा. त्या डॉक्टरने बाईला निदान सातव्या महिन्यापासून तपासलेलं हवं, आणि ‘हो, रात्री आणलीत तरी घेईन’ असं स्वतःच्या तोंडाने म्हटलेलं हवं. फाइल तिथे हवी, रक्ताची सोय आधी ठरलेली हवी, भुलेचा डॉक्टर रात्री येतो का हे विचारलेलं हवं. आणि हो, लिफ्ट मोजून घ्या.

तुमच्या लेखात इंग्लंडचा दाखला आहे. तिथे परवानाधारक प्रशिक्षित मिडवाइफ घरी येते, पिशवी आवळायचं इंजेक्शन तिच्या बॅगेत असतं आणि अडलं तर मागे सरकारी इस्पितळ उभं असतं. तरीही २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या मोठ्या अभ्यासात घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के बायकांना दवाखान्यात हलवावं लागलं होतं. आधी बाळंत झालेल्यांत हेच प्रमाण १२ टक्के. दाखला द्यायचा तर हाही द्या की!

डॉक्टर मंडळींनाही सोडणार नाही. ‘घरी’ हा शब्द काढला की अंगावर ओरडतात, हाकलून देतात. मग पोरी लपवतात. देशातल्या खासगी दवाखान्यांत १०० बाळंतपणांमागे ४७ सीझर झाली, हे सरकारच्याच २०१९-२१ च्या पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय. त्यामुळे पोरी बिचकतात ते उगीच नाही. पण बिचकून टबात बसायचं आणि मागे कोणीच नाही, हा कुठला इलाज?

तिकडे दुर्गम पाड्यांवरच्या बायकांना आधीच आणून ठेवायला सरकारने आरोग्य केंद्रांशेजारी माहेरघरं काढली. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात अजून झोळी करून बाई डोंगर उतरवतात. त्यांना कोणी विचारत नाही, डॉक्टरमुळे भीती शिरते का. त्यांच्यावर पान कधी काढताय?

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका, नाशिक

ता. क. मागे आशाताईंच्या थकलेल्या मानधनावर मी पत्र पाठवलं होतं. तुम्ही मानधनाचा परिच्छेद उडवून फक्त ‘आशाताईंचं कार्य कौतुकास्पद आहे’ एवढंच छापलंत. या वेळी जागा कमी पडली तर इंग्लंड कापा. खुर्ची आणि लिफ्ट ठेवा.